धावपट्टीवरचे खडे

आमच्या गावच्या विमानतळाची धावपट्टी बांधणाऱ्या ठेकेदाराने गावाला फसवलं. माझ्या खाणीतली टणक खडी महाग म्हणून नाकारली आणि कुठूनशी ठिसूळ खडी आणून वर डांबर ओतलं. तेव्हा पट्टी काळीभोर दिसायची. आता ती पांढुरकी पडली आहे, भेगा बुजवल्याच्या काळ्या रेघा तिच्यावर शिरांसारख्या उठल्या आहेत आणि खडे सुटतात.

काल बाळंतपणाला येणाऱ्या लेकीला आणायला गेलो. विमान येण्याआधी कुंपणापलीकडे माणसांची एक रांग मान खाली घालून पट्टीवरून चालत होती, सुटलेले खडे बादलीत टाकत होती. एखादा राहिला आणि इंजिनात गेला तर? मी कुंपणाची जाळी घट्ट धरली.

"अहो, तांदूळ निवडतायत जणू," बायको म्हणाली.

"गप्प बस!" मी खेकसलो.

विमान टेकलं, जरा हादरलं आणि सरळ धावत जाऊन थांबलं. मी जाळी सोडली.

"बाबा, एवढा घाम?" लेकीने बाहेर येताच विचारलं.

"ऊन आहे," मी म्हणालो. तिची बॅग घेताना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

डांबर म्हातारं होणारच. ऊन, पाऊस आणि चाकं त्याला सोडत नाहीत. पण ही पट्टी वय होण्याआधीच थकली, आणि कुणाच्या तरी वाकलेल्या पाठीवर आमची लेकरं सुखरूप उतरतात. ज्या साहेबाने हे काम तपासून पास केलं, त्याने एक दिवस त्या रांगेत वाकून चालावं आणि मग माझ्यासमोर उभं राहून उत्तर द्यावं.