कर्णिक मॅडमची सेमी-हॉलो

“पाठ करून बसू ना?” कर्णिक मॅडमनी विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत खुर्ची भिंतीकडे वळवून बसल्यासुद्धा.

ही माझी पद्धत. गिटार निवडायला आलेल्याला मी भिंतीकडे तोंड करून बसवायचो आणि मागून एकेक गिटार वाजवायचो. डोळे मोकळे असले की माणूस आधी ब्रँड बघतो, मग प्राइस टॅग, आणि मग त्याला महागडीचाच आवाज गोड लागतो. भिंतीकडे बसवला की बिचाऱ्याला ऐकण्यावाचून इलाज नाही.

अंधेरी वेस्टला एका म्युझिक शॉपमध्ये मी अकरा वर्षं टेक्निशियन होतो. तारा बदलायच्या, मानेवरच्या फ्रेटच्या पट्ट्या घासायच्या, मोडलेलं जोडायचं. मालक परब आमच्याच वाडीतले. मी सुतारकाम करत फिरत होतो, त्यांनी उचलून आणलं आणि हातात गिटार दिली. त्यामुळे त्यांच्यासमोर माझं तोंड जरा कमीच उघडायचं.

मॅडम मुलुंडच्या. बत्तीस वर्षं बँकेत कॅशच्या खिडकीत बसल्या. पन्नाशीला गिटार हातात घेतली, तीही जॅझसाठी. “या वयात?” असं कुणी विचारलं की म्हणायच्या, “मग काय पुढच्या जन्मी?” त्यांचा चौघांचा ग्रुप जमला होता. पियानो, बास, ड्रम आणि या. मरोळच्या एका हॉटेलच्या कॅफेत दर रविवारी दुपारी वाजवायचं नक्की झालं होतं, सहा आठवड्यांनंतर. पण पियानोवाल्याने सांगितलं होतं, तुमची गिटार टिनपाट वाजते, दुसरी बघा.

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मॅडमची गिटार म्हणजे सबंध लाकडाची फळी. रॉकला ठीक, जॅझला आवाज गोल लागतो. जुने जॅझवाले आतून पूर्ण पोकळ गिटार वाजवायचे. पण पोकळ गिटार आणि मोठा अँप्लिफायर जवळ आले की गिटार आपोआप घुमायला लागते, कुत्रं रडल्यासारखी. त्याला फीडबॅक म्हणतात. सेमी-हॉलो हा मधला मार्ग. दोन्ही बाजू पोकळ, मधून मात्र लाकडाचा ठोकळा. बोटाने वाजवून बघा, कडेला डब्ब, मध्ये टक्क. पुढच्या बाजूला व्हायोलिनसारखी दोन भोकं असतात. मॅडमना हेच पाहिजे होतं.

मी दोन काढून ठेवल्या होत्या. तिसरी परबांनी स्वतः आणून स्टँडवर लावली. वाइन रंगाची.

“हीपण दाखव रे,” म्हणाले.

चार महिन्यांपूर्वी एसी सर्व्हिसिंगवाल्याची शिडी लागून ही गिटार तोंडावर आपटली होती. गिटार पडली की पोटाला काही होत नाही, मान मोडते. जिथे खुंट्या बसवलेल्या असतात तो वरचा भाग, हेडस्टॉक, तो निखळून तारांवर लोंबत होता. मी बारा दिवस घेतले. ग्लू भरला, क्लँप लावला, घासला, रंग जुळवला, लॅकरचे थर दिले. परबांनी अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाले, “झकास! कुठे मोडली होती तेच सांग.” मलाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी नव्या मालाचा टॅग परत अडकवला. मी बघितलं. बोललो नाही.

पहिली वाजवली. “कोरडी आहे,” मॅडम भिंतीला म्हणाल्या.

दुसरी वाजवली. “ही बरी. पण वरच्या तारा किरकिरतात ना?”

तिसरी घेतली आणि मी हलकटपणा केला. उजवा हात पार खाली, तारा अडकवतात त्या ब्रिजशी नेला. तिथे कुठलीही गिटार पातळच वाजते. म्हटलं, आवडायलाच नको, म्हणजे सांगायचा प्रश्नच नको.

“तावडे, हात का आखडताय? नीट वाजवा की.”

मान न वळवता ओळखलं बाईंनी. मग नीट वाजवली. तेच चार कॉर्ड. काय सांगू, दुकान भरून गेलं. काउंटरवरच्या मुलीने फोनवरून डोकं वर काढलं. मॅडम वळल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

घेतली, वाजवली, मांडीवर आडवी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. “तावडे, मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगा. काही खोट नाही ना हिच्यात?”

परब काउंटरला रेलून उभे होते.

मी म्हटलं, “आवाजात काही खोट नाही, मॅडम.”

वाक्य खरं होतं. म्हणूनच जास्त लाज वाटते. सरळ खोटं बोललो असतो तर निदान खोटारडा म्हणवून घेता आलं असतं.

त्या गेल्यावर मी परबांना म्हटलं, “सांगायला हवं होतं. भाव जरा कमी केला असता, तर त्यांनी हीच नेली असती.”

“तुका कोण इचारूक इलो?” परब मालवणीत आले की समजायचं, विषय संपला. “जोड लाकडापेक्षा घट्ट आहे ना? मग झालं तर! तुझंच काम एवढं भारी आहे, त्याला मी काय करू?”

आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझ्या कामाची तारीफ होती ना ती. असा मी शहाणा.

सहा आठवड्यांनी मॅडमचा फोन. “रविवारी यायचंच. तुमची गिटार आहे, तुम्ही नाही तर कोण ऐकणार?” गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कॅफेत तीस-चाळीस माणसं. एका बाजूला मोठी काच, तिच्यातून दुपारचं ऊन थेट स्टेजवर. मॅडम निळ्या साडीत, पहिल्या दिवशी शाळेत आल्यासारख्या ताठ.

त्यांच्या आधी दुसरा ग्रुप वाजवून उतरला. त्यांच्यातला गिटारवाला पोरगेलासा, लांब केसांचा, चांगला वाजवायचा. मॅडमची गिटार बघून खूश झाला. “आंटी, बघू?” म्हणून हातात घेतली, दोन कॉर्ड मारले, “क्या बात है” म्हणाला. मग उलटी करून उन्हात धरली.

लॅकर सुकत सुकत खाली बसतं. नवं असताना जोड दिसत नाही, चार-सहा महिन्यांनी केसाएवढी रेघ वर येते. मला माहीत होतं. धंदाच आहे माझा.

“आंटी, हेडस्टॉक तुटलेला आहे हिचा. सेकंड हँड घेतली का?” पोराच्या मनात काही नव्हतं. “काम मस्त केलंय पण!”

मॅडमनी रेघेवरून बोट फिरवलं. मग लोकांतून मला शोधलं आणि माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघत बसलो.

दोन मिनिटांत त्यांचं सुरू झालं. पहिल्या आठ मात्रांतच मला कळलं, वाट लागली. त्यांचा डावा हात मानेवर ठरतच नव्हता. दाबायला घाबरत होत्या. दर वेळी वर हेडस्टॉककडे नजर. जॅझमध्ये गाण्याचं चक्र मनात मोजत राहावं लागतं, कोण कुठे आहे ते चुकलं की बाहेर. त्या चुकल्या. पियानोवाल्याने सावरून घेतलं, त्या पुन्हा चुकल्या. तिसऱ्या गाण्याला त्या नुसत्या बसून होत्या, गिटार मांडीवर, पाय तालावर. गिटारला काही झालं नाही. जोड तसूभर हलला नाही.

ग्रुपमधून त्यांना कोणी काढलं नाही. पुढच्या रविवारसाठी त्यांना फोन मात्र आला नाही. त्यांच्या जागी तो लांब केसांचा बसला.

मंगळवारी मॅडम गिटार घेऊन दुकानात आल्या, रेघ दाखवली. परब हसले. “मॅडम, आपण नवीनच दिली होती. तुमच्याकडे पडली असेल हो कधीतरी. विचारा आमच्या तावडेला.”

मी म्हटलं, “मी जोडली. विकायच्या आधी.”

परबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच शिडी पाडली होती. मग लगेच बदलून द्यायची भाषा सुरू केली. मॅडम नको म्हणाल्या. “परत घेतलीत की पुन्हा नवी म्हणून कुणाला तरी विकाल.”

जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तावडे, मी हीच घेतली असती हो. तुम्ही सांगितलं असतंत ना, तरी हीच घेतली असती.”

त्याच दिवशी माझी नोकरी गेली. गावात परबांनी सांगितलं, तावडेने खाल्ल्या ताटात घाण केली. आई अजून त्यांच्या बाजूने आहे.

आता मरोळला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा छोटा गाळा आहे, फक्त रिपेअरिंग. तिथे एकदा मॅडम आल्या, गिटार घेऊन. “आत लिहा काय झालंय ते, आणि विकून टाका.” पुढच्या भोकातून दिसेल असा कागद मी आत चिकटवला. मान मोडली होती. मी जोडली. तावडे. तेव्हापासून प्रत्येक जोडाला असा कागद लावतो. बरीच गिऱ्हाइकं म्हणतात, “कशाला लिहितो यार, रीसेलचा भाव पडतो,” आणि दुसरीकडे नेतात. नेऊ देत.

मॅडमची गिटार भिंतीवर आहे. लोक येतात, पाठ करून बसतात, तीच निवडतात. मग वळतात, भोकातून आत वाचतात आणि म्हणतात, “दुसरी दाखवा ना.”

मी मॅडमना दुसरी निवडून देतो म्हटलं होतं. अगदी भिंतीकडे बसवून, हव्या तेवढ्या वेळा. त्या म्हणाल्या, “ऐकू सगळं येतं हो. पण तुम्ही मागे बसून काय वाजवताय, याचा भरवसा कुठून आणू?”

म्हणून नवीन कोणी हे काम शिकायला आलं की एवढंच सांगतो. जोड असा करा की सुटणार नाही. तो दिसू नये म्हणून जे बारा दिवस घालवाल, ते घालवू नका.