मुलाखतीत न घेतलेलं नाव

काल शाळेची पेटी दुरुस्तीसाठी उघडली आणि भात्याच्या जुन्या कापडाचा कुबट वास आला. त्या वासानं मला वीस वर्षं मागं, बारामतीतल्या याच शाळेच्या मुलाखतीच्या खोलीत नेलं.

संगीत शिक्षिकेची एकच जागा होती. व्हरांड्यात विशारद झालेल्या चौघीजणी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी माझे अब्बा, माझी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. ते इंदापूरला लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. सूर मला त्यांनीच शिकवले होते.

"कुणाकडं शिकलात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

दार उघडंच होतं. वरातीत वाजवणाऱ्याची मुलगी म्हटल्यावर हे लोक हसतील, असं वाटलं.

"पुण्याच्या एका सरांकडं," मी म्हणाले.

मग मी याच पेटीवर भूप वाजवला. शेवटी शेवटी नकळत अब्बांची खास हरकत बोटांतून निघाली. बाई एकदम पुढं झुकल्या.

"वा! ही सरांचीच ना?"

"हो."

बाहेर अब्बांनी मान खाली घातली.

दुपारीच निवड झाल्याचं कळलं. परतताना एसटीत मला त्यांच्याकडं बघवेना. शेवटी तेच बोलले, "बरं केलंस, बेटा. बँडाचं नाव काढलं असतंस, तर त्यांनी घेतलं नसतं."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता पहिलीतली पोरं विचारतात, "बाई, तुमाला गाणं कुणी शिकवलं?" मी अब्बांचं पूर्ण नाव सांगते. ते ऐकायला अब्बा राहिले नाहीत.