आज माझी चारच

“काकू, आज माझी चारच.”

विहाराच्या पायरीवर चपला शोधता शोधता ती मला सांगायची, जसं कुणी सांगावं की आज भाकर एकच खाल्ली. शेजारच्या गुरुजींची ही नात. जन्म अमेरिकेतला, वय सोळा. तिकडच्या शाळेला सुट्टी लागली आणि दोन महिने आजोबांकडे ताडकळसला राहायला आली.

आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना होते. सासूबाईंच्या माघारी पंचशील मीच सांगते. मी एकेक शील म्हणायचं, बाकीच्यांनी माझ्यामागून म्हणायचं. पोरीला पाचही तोंडपाठ होती, उच्चार मात्र तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे. पण पहिल्याच रविवारी मी बघितलं, चौथ्या शीलाला तिचे ओठ मिटलेले. खोटं न बोलण्याचं ते शील.

“इसरलीस का गं?” बाहेर आल्यावर मी विचारलं.

“नाही. काल आजोबांना म्हटलं, मी जेवले. जेवले नव्हते. त्यांना अजून खरं सांगितलं नाही, मग कसं म्हणू?”

“अगं, शील म्हंजे काय हजेरी हाय का, खाडा टाकायला?”

हसली नाही बया. घरी जाऊन तिनं आधी गुरुजींना खरं सांगितलं म्हणे. पुढच्या रविवारी पहिलं शील गाळलं, कारण रात्री डास मारले होते. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी म्हटलं, “मग पावसाळाभर आपल्या गावात कुणालाच पहिलं शील म्हणता यायचं न्हाई!” तिनं बाजारातून मच्छरदाणी आणली.

एकदा मी तिला विचारलं, तिकडची पोरं असलं काही करतात का?

“एक मैत्रीण दर रविवारी चर्चला जाते, पण विश्वास नाही म्हणते. दुसरी कुठेच जात नाही, पण झोपताना हात जोडते. आणि डबा खाताना सगळ्या मला विचारतात, तुमच्यात काय असतं? शाळेत मी एकटीच बौद्ध ना, काकू. जे सांगते ते खरं असायला पाहिजे.”

तुम्ही म्हणाल, किती गुणी पोर! मलाही तेच म्हणायचं होतं. पण माझ्या घरात एक पंधरा वर्षांची आहे. रविवारी पांढरी साडी नेसून मी दारात उभी राहायचे आणि ही पांघरुणातून म्हणायची, “तू जा मम्मी, माझं डोकं दुखायलंय.” वर्षानुवर्षं हेच. आणि आता? पांढरा ड्रेस घालून माझ्याआधी तयार. “लवकर कर ना मम्मी, ती थांबायलीय!”

मला आनंद व्हायला पाहिजे होता. कशाचा आनंद! मी घसा कोरडा करून जे जमवू शकले नाही, ते या बटाटेवालीनं दोन रविवारांत जमवलं. दोघी खिडकीजवळ बसायच्या. माझी लेक माझ्या शेजारी कधी बसली नाही.

मग एका रविवारी माझी लेकही चौथ्या शीलाला गप्प. मी सांगतेय आणि हिचे ओठ मिटलेले.

“कुणाला काय खोटं बोललीस गं?” घरी येताच मी धरलं.

“तिला सांगितलंय मी.”

“आन् आईला?”

“तू ओरडशील.”

त्या दिवशी मी गुरुजींकडे भाजीची वाटी पाठवली नाही. पोरीनं हाक मारली, तर ऐकू न आल्यासारखं केलं. मत्सर म्हणतात तो हाच, दुसरं काय?

ती निघाली त्या दिवशी गुरुजींच्या दारात जीप उभी होती. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “काकू, पुढच्या वर्षी येऊ ना? तुम्हाला आवडेल?”

“अगं, वाटच बघते मी,” मी म्हटलं. मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची.

नंतरच्या रविवारी खिडकीजवळची जागा रिकामी होती. माझी लेक येईल असं मला वाटलंच नव्हतं. आली. मागे भिंतीला टेकून बसली. मी सुरू केलं. पहिलं, दुसरं, तिसरं. आणि चौथ्याला माझी जीभच उचलेना. सगळं विहार माझ्या तोंडाकडे बघतंय. मी गुरुजींकडे हात केला. त्यांनी उरलेली दोन सांगितली.

बाहेर पायरीवर लेक माझ्या शेजारी येऊन बसली.

“तिला खोटं बोललीस ना?”

मी मान डोलावली.

“मग लाव फोन. तिकडं रात्र हाय, पण ती झोपली नसंल अजून.” तिनं स्वतःच नंबर लावून मोबाईल माझ्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजायला लागली, तशी ही माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “तुझं झालं ना मम्मी, की मला बी तुला एक सांगायचंय.”