तेइझोकाकांचा फिका वेल

आमच्या गावात कुणाला कशाची काळजी लागेल याचा नेम नाही; पण फुलांचा रंग उडतोय म्हणून जेवण सुटलेला माणूस मी एकच पाहिला. तेइझो कुवाबारा. वय चौऱ्याहत्तर. अख्खी हयात शाळेची बस चालवण्यात गेली. एकाही मुलाला कधी रस्त्यात विसरलो नाही, हे ते न विचारताच सांगतात.

दर मे महिन्यात देवळातल्या फुजीच्या वेलाला जांभळ्या फुलांचे घोस लोंबायला लागले, की काका एका ठरलेल्या दगडावर उभे राहून फोटो काढतात. वर्षाला एक, असे एकतीस फोटो देवळाच्या कचेरीत ओळीने टांगलेत. छापायचं काम आमच्या दुकानाचं. आधी मामाचं, आता माझं. त्यामुळे यंदा पहिला आळ माझ्यावरच आला.

"तुझं मशीन जांभळा रंग खातंय," नमुन्याचा फोटो काउंटरवर आपटत काका म्हणाले.

"सकाळीच नाश्ता दिलाय हो त्याला."

"चेष्टा पुरे. परत छाप."

पाचदा छापला. मला पाचही गर्द जांभळे दिसले, त्यांना पाचही राखाडी. म्हातारा हट्टाला पेटलाय, एवढंच मी समजलो. शेवटी निकाल त्यांनीच दिला: मशीन निर्दोष, वेल मरतोय.

मग त्यांची झोप उडाली. दिवसातून चार वेळा ते मुळाशी बसून माती हुंगायचे. पुजारी मिमुरोंच्या मागे तर इतकं टुमणं लावलं, की त्यांनी माळ्याला बोलावलं. माळी म्हणाला, "मला रोग दिसत नाही. पण एकतीस वर्षं बघणाऱ्याला मी काय शिकवू? जुनं खोड कापू, बाकीचा वाचेल." त्याला दुसऱ्या दिवशीच सवड होती.

म्हणजे अख्ख्या वेलाचा हा शेवटचा फोटो. मी कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन काकांबरोबर गेलो. वारा सुटला होता, घोस हलत होते. "कापणं बरोबर ना रे?" हे त्यांनी मला सात वेळा विचारलं.

देवळात त्या दिवशी उत्सव होता. मिमुरो पुजाऱ्यांचं कमरेखालचं घेरदार वस्त्र, नवाकोरा हाकामा, नेसून बाहेर आले. काकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अहो पुजारीबुवा, सणाच्या दिवशी हा राखेच्या रंगाचा? नवा मिळाला म्हणत होतात ना?"

मिमुरोंचा चेहरा पडला. "कुवाबारासान, थट्टेलाही वेळकाळ असतो. हा जांभळा नेसायचा मान मिळवायला बावीस वर्षं घालवलीत मी."

"जांभळा?" काका माझ्याकडे वळले.

माझ्या खिशात एरवी विनोद खुळखुळत असतात. त्या वेळी एक सापडेना. "जांभळाच आहे, काका. वेलासारखाच."

काका कचेरीत गेले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. एकेका फोटोपाशी थांबत ते पहिल्या वर्षापर्यंत गेले. तिथून ते परत आले.

"पहिलासुद्धा राखाडी दिसतोय मला," ते म्हणाले. मग घाईने, "म्हणजे वेल बरा आहे?"

"ठणठणीत."

"मग माळ्याला फोन करा! आत्ता!" मिमुरो बावीस वर्षांचा मान दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलून फोनकडे धावले.

काका दगडावर चढले. "कसा दिसतोय, सांग."

"वर फुललाय तिथे फिकट. खाली टोकाला कळ्या आहेत, तिथे गडद."

वारा थांबेपर्यंत ते थांबले आणि त्यांनी बटण दाबलं.

बाहेर त्यांचा पांढरा छोटा ट्रक उभा होता. किल्ली त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. "डोळ्यांचा दवाखाना स्टेशनजवळच ना? सावकाश घे. गाडीत मुलं आहेत असं समज."

डावीकडच्या दाराची मूठ त्यांना दोनदा चाचपावी लागली. त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते.