‘फर्नेस रूम’मधली कुरकुर

रेनेल टिस्डेलने ते नाव पुसलं ते स्वतःच्या हातांनी, आणि पुसताना तिला हसू आवरत नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे कुणी तिची उगाच कीव करत बसणार नाही.

आज ती त्रेपन्न वर्षांची आहे आणि फिलाडेल्फियाच्या पश्चिम भागात, बावन्नाव्या रस्त्यावर बस चालवते. धावत येणाऱ्यासाठी थांबते, पण रमतगमत येणाऱ्यासाठी नाही. तिच्या प्रवाशांपैकी फार तर चौघांना ठाऊक असेल, की तीस वर्षांपूर्वी ही बाई ‘कॉर्नर अल्मनॅक’ नावाच्या हिप-हॉप गटात होती. थॅडियस आणि डॉर्सी तालावर बोलायचे, म्हणजे रॅप करायचे, आणि ही मागे उभी राहून रेकॉर्डी फिरवायची. कुठल्या जुन्या गाण्याचा कुठला तुकडा उचलायचा, तो कितीदा फिरवायचा, हे सगळं तिचा कान ठरवायचा.

त्यांची पहिली रेकॉर्ड हसरी होती. घराच्या पायऱ्यांवर बसून केलेल्या टवाळक्या, खाली जॅझचे तुकडे. लोकांनी ती डोक्यावर घेतली. मग १९९४ मध्ये दुसरी आली, ‘फर्नेस रूम’. थॅडियसचे वडील ज्या इमारतीत झाडलोट करायचे तिथल्या तळघरात पाणी तापवायची मोठी भट्टी होती. त्या उबेला बसून त्याने लहानपणी अभ्यास केला होता. त्यावर त्याने सहा मिनिटांचं एक गाणं केलं. ते वडिलांशी केलेलं बोलणं होतं, त्यात एकही विनोद नाही. खाली ऑर्गनचे चार सूर फिरत राहतात आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी एक कुईंऽऽ अशी कुरकुर येते. ती कुरकुर रेनेलने मुद्दाम ठेवली होती. भट्टीचं दार उघडल्यासारखी वाटायची.

रेडिओवाले म्हणाले, छान आहे, पण गंमत कुठे गेली? लोकांना पहिलीच रेकॉर्ड पुन्हा हवी होती, नव्या कव्हरात घालून. दुसऱ्या रेकॉर्डकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, कंपनीने हात झटकले आणि गट मोडला. डॉर्सी बाल्टिमोरला गणित शिकवायला गेला. थॅडियस टपालखात्यात लागला आणि दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. रेनेल बसच्या स्टिअरिंगमागे बसली.

आणि या मार्चमध्ये ब्रुकलिनहून फोन आला. मॅरिबेल नावाची मुलगी, एका खोलीत थाटलेली तिची छोटी कंपनी. म्हणाली, “तुमच्या दुसऱ्या रेकॉर्डच्या जुन्या प्रतींसाठी टोकियोत लोक भांडतायत. आम्हाला ती पुन्हा काढायचीय.” रेनेल आगारात एवढ्याने ओरडली, की शेजारचा ड्रायव्हर अपघात झाला समजून बाहेर धावला.

फक्त एक अट होती. उचललेल्या प्रत्येक तुकड्याच्या मूळ मालकाची लेखी परवानगी हवी. अकरा मिळाल्या. बारावी त्या ऑर्गनची, आणि तो ऑर्गन कुणाचा हे खुद्द रेनेललाच सांगता येईना.

कारण तिचा शहाणपणा. त्या काळी चांगल्या डीजेला दुसऱ्या डीजेंची धास्ती असायची. कार्यक्रम चालू असताना मेले खांद्यावरून वाकून रेकॉर्डवरचं नाव वाचायचे आणि आठवड्यात तोच तुकडा वापरून मोकळे व्हायचे. म्हणून सगळेच रेकॉर्डी कोमट पाण्यात भिजवून मधले कागद सोलून काढायचे. रेनेल एक पाऊल पुढे. आईच्या न्हाणीच्या टबात एका रविवारी तिने चाळीस रेकॉर्डी सोलल्या, कोरे पांढरे कागद चिकटवले, आणि कडेला कोरलेले नंबरसुद्धा कर्कटकाच्या टोकाने खरवडून टाकले. “आता बघू कोण चोरतो ते!” असं म्हणून टाळ्या पिटल्या. चोरलं नाही कुणीच. फक्त कुठली कुणाची हे तिलाही कळेनासं झालं. जुन्या बाजारातून, चर्चच्या विक्रीतून ती खोकीच्या खोकी उचलायची. कुठली कुठून आली, कोण लक्षात ठेवतो? गाणी ओळखणारं फोनमधलं यंत्रही गप्प बसलं.

मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची. परवानगी नाही, तर रेकॉर्ड निघेल, पण ते गाणं गाळून.

“ते गाळलं तर थॅडियसला गाळल्यासारखंच आहे, रेन,” डॉर्सी फोनवर म्हणाला. “मग काढूच नका म्हणावं.”

“तू गप बैस. शुक्रवार अजून जायचाय.”

शुक्रवारी दुपारी अडीचला बस शेवटच्या थांब्यावर उभी होती. रेनेलची पाळी संपत आली होती. ती पायरीवर बसून फोनवर तेच चार सूर शंभराव्यांदा ऐकत होती. बसमध्ये एकच प्रवासी उरली होती, मिस ओडेल पेटवे, वय शहाऐंशी. लग्न झालेलं असलं तरी वयस्क बाईला तिथे आदराने ‘मिस’च म्हणतात. दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात माशाच्या जेवणाला त्या रताळ्याची पाई, म्हणजे गोड सारण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी, घेऊन जात. तिचं भांडं मांडीवर सांभाळत बसल्या होत्या.

“बंद कर गं ते! डोकं उठवलंस.”

“सॉरी, मिस ओडेल.”

“आणि... थांब. बंद कशाला केलंस?”

“तुम्हीच म्हणालात ना!”

“मी काहीही म्हणेन. पुन्हा लाव.”

रेनेलने लावलं. चार सूर आणि कुईंऽऽ.

मिस ओडेलनी पाईचं भांडं शेजारच्या सीटवर आपटलंच. “लुशियस! अगं, हा माझा लुशियस! चाळीस वर्षं सांगत होते त्या माणसाला, त्या पेडलला तेल घाल, तेल घाल म्हणून. ऐकलं असेल तर शपथ!”

रेनेल ताडकन उठली. “कोण लुशियस?”

“माझा नवरा, दुसरा कोण? डीकन पेटवे, चर्चचा कारभार बघायचा. आता नाही तो, त्याचं सगळं माझ्याकडेच. चर्चच्या गायकवृंदाची रेकॉर्ड काढली होती आम्ही, मासे तळून तळून पैसे जमवून. सूर त्याचेच, वाजवणाराही तोच. तुझ्याकडे कशी आली?”

“विक्रीत घेतली असणार. मिस ओडेल, तुमची खात्री आहे? शंभर ऑर्गन कुरकुरतात.”

“पोरी, चाळीस वर्षं संसार केलाय मी त्या कुरकुरीशी. चल, दाखवते. आणि ती पाई उचल, मला दोन्ही हात लागतील चालताना.”

रेनेलने बस दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली केली, खांद्यावर पिशवी टाकली आणि पाई छातीशी धरून निघाली. तीन आठवडे त्या पिशवीत दोन वस्तू होत्या, ती कोरी रेकॉर्ड आणि नावाची जागा रिकामी असलेला परवानगीचा कागद. दोन गल्ल्या चालायला मिस ओडेलना वीस मिनिटं लागली. रेनेलला वाटलं, आपण यांनाही उचलून घ्यावं.

तळघरात तळलेल्या माशांचा वास आणि आठदहा बायकांचा गलका. कोपऱ्यात ऑर्गन होता, वर प्लास्टिकचा टेबलक्लॉथ, त्यावर कागदी ताटल्यांची चवड. मिस ओडेलनी ताटल्या बाजूला ढकलल्या, स्टुलावर बसल्या, बुटाचं टोक पेडलवर ठेवलं आणि दाबलं.

कुईंऽऽ.

रेनेल किंचाळली. बायका किंचाळल्या, का ते कळायच्या आधीच. सिस्टर व्हर्नेटाच्या हातून कोबीच्या कोशिंबिरीचा डाव पडला.

“हेच! हेच ते!” रेनेलने रेकॉर्ड बाहेर काढली. मिस ओडेलनी ती उजेडात धरली, मधला पांढरा कागद पाहिला, अंगठा फिरवला.

“यावर नाव होतं त्याचं.”

रेनेल नकळत एक पाऊल मागे सरली. “हो. मी... धुऊन काढलं.”

“काय केलंस?”

“टबात भिजवून. म्हणजे खांद्यावरून वाकून दुसऱ्यांनी वाचू नये.”

“तीनशे रेकॉर्डी काढल्या आम्ही. माझ्याकडची शेवटची घराच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेली. आणि तू, बाई, त्याचं नाव टबात सोललंस?”

घड्याळात तीन वाजून गेलेले. रेनेलला सांगावंसं वाटलं की तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पण त्याने काही भरून येत नव्हतं. “हो,” एवढंच ती म्हणाली. “माझ्या मित्राने त्या सुरांवर त्याच्या वडिलांसाठी गाणं केलं. मित्र गेला. सही नसेल तर ते गाणंही जाईल. पण तुम्ही नाही म्हणालात तरी ते बरोबरच होईल.”

“आधी ऐकव. पूर्ण. शिव्या आहेत का त्यात?”

“एक आहे. इमारतीच्या मालकाला.”

“एक चालेल.”

फोन ऑर्गनवर ठेवला. सहा मिनिटं. चर्चच्या बायका, हातात काटे, समोर मासे थंड होतायत, आणि थॅडियस आपल्या वडिलांना विचारतोय, तुमच्या अंगाला येतो तो वास कोळशाचा की दमण्याचा. शिवी आली तेव्हा सिस्टर व्हर्नेटा म्हणाली, “बरोबर बोलला.” चौथ्या मिनिटाला मिस ओडेलचा पाय आपोआप पेडल दाबू लागला, बरोब्बर फेरीच्या शेवटी. फोनमधली कुरकुर आणि खोलीतली कुरकुर एकत्र वाजू लागली, आणि मागून कुणीतरी टाळी धरली. मग सगळ्यांनीच.

गाणं संपलं. मिस ओडेलनी चष्मा पुसला.

“पोराने खोटं काही म्हटलं नाही. कागद आण. पण कव्हरवर डीकन लुशियस पेटवे असं छापायचं. तुमच्या नावांएवढ्याच अक्षरांत. तळाशी मुंग्यांसारखं नाही.”

रेनेलने तिथूनच मॅरिबेलला फोन लावला. ती एका दमात तीनदा हो म्हणाली. चार वाजून दहा मिनिटांनी सही झाली, कागदाचा फोटो ब्रुकलिनला गेला, आणि रेनेलने बाल्टिमोरला फोन करून डॉर्सीच्या कानात नुसतं ओरडून घेतलं. शब्द काही नव्हतेच. त्याला कळलं. तोही ओरडला, वर्गाबाहेर उभा राहून.

“झाला का तमाशा?” मिस ओडेल म्हणाल्या. “मग इकडे ये.” त्यांनी खिशातून जाड काळा पेन काढला, ताटल्यांवर नावं घालायचा, आणि रेकॉर्ड पुढे सरकवली. “लिही.”

रेनेल वाकली. कोऱ्या पांढऱ्या कागदावर, मधल्या भोकाभोवती वळवत वळवत, तिने नाव लिहायला घेतलं.

“मोठं लिही,” मिस ओडेल म्हणाल्या. “खांद्यावरून वाकून बघणाऱ्यालाही दिसलं पाहिजे.”