ओठावरचा वळ

“आजून वर चढव बे!”

मारुतीच्या देवळाच्या पायरीवर उभं राहून सायबांनी बोट आभाळाकडं केलं. शिरूर कासारजवळचं गाव, तिथले हे पुढारी. त्यांच्या पुतणीचं लगीन. नवरदेव आत देवाच्या पाया पडत व्हता. आमचा बँड पायऱ्यांच्या खाली, उन्हात. नवरदेव भाईर येईस्तर सूर तुटू द्यायचा न्हाई, असा तिथला रिवाज.

ट्रंपेट माझा. मी सूर चढवला. त्यांचं बोट खाली येईना. मग मी पितळ ओठावर दाबलं. आजून दाबलं. वरचा सूर लागला आन ओठ फाटला. पांढऱ्या ड्रेसवर रगत.

“बघा, पान खाल्लंय गड्यानं!” सायेब म्हणले. सगळी पायरी हासली.

मीबी हासलो. फाटक्या ओठानं. ते माझं हासणं मला आजून दिसतंय.

पाणी मागितलं. वर जारजवळ उभा असलेला माणूस म्हणला, “पेल्याला रगत लागंल, ओंजळ कर.” रगत नव्हतं तवाबी ओंजळच व्हती.

राग आला न्हाई. खरं सांगतो, कायबी आलं न्हाई. ओठ बधिर, मी बधिर. घरी येऊन भाकर चावली, चव लागली न्हाई. बायको बोलत व्हती ते ऐकू आलं, कळलं न्हाई.

आमच्यात दाबूनच वाजवायची रीत. माझ्या बापाच्या ओठावर गोल वळ व्हता. चुलत्याच्या हाय. माझ्या ओठावर पडला तवा चुलत्यानं, “आता वाजवणारा झालास,” म्हणून तोंडात पेढा घातलता. जखमेचा पेढा! लई कौतुक आमाला त्याचं.

ओठाला घातलेले टाके काढायला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेलतो. रांगेत शेजारी एक म्हातारा, फौजेच्या बँडमधनं रिटायर झालेला. माझा वळ बघून त्यानं कपाळाला हात लावला.

“आरं येड्या, दाबून सूर चढतो व्हय? दाबलं की ओठ मरतो. तोंडाकडची वाटी नुसती टेकव. ओठाचे कोपरे आवळ, मधी मोकळं सोड. वारं पोटातनं आण. आन जेवढं वाजवशील तेवढा थांब.”

लगनं बंद असत्यात ते चार महिने मी तसंच केलं. आठवड्याला अर्धा सूर वर. दुखलं की बंद. एक दिवस तो वरचा सूर लागला, आन ओठाला कळलंबी न्हाई.

तवा मला राग आला. इतक्या महिन्यांनी. बापाच्या ओठासाठी आला.

पुढच्या लगीनसराईत तेच देऊळ, आता सायबांच्या पोरीचं लगीन. तो सूर मी सहज लावला. त्यांनी बोट वर केलं.

“आजून! मागं रगत काढलंतंस की!”

मी ट्रंपेट खाली घेतला. तोंडाकडची वाटी काढून खिशात घातली. नवरदेव आतच. सूर तुटला.

“कावून थांबला बे?”

“बे म्हणायचं न्हाई. आन माझा सूर तुमच्या बोटानं चढत न्हाई.”

चुलत्यानं बाही वढली. मी सोडवली. पायऱ्या चढून वर गेलो, जारमधनं पेला भरला, ओठ लावून प्यालो. कुणी हासलं न्हाई.

त्या गावात आमाला आता बोलावत न्हाईत. चुलता माझ्याशी बोलत न्हाई. नको बोलू दे. सकाळी माझी पोरगी ट्रंपेट घेऊन बसती. वाजवून उठली की मी तिचा ओठ उजेडात बघतो. वळ दिसला न्हाई पायजे. वर चढायचं ते तिला वाटंल तवा. आन कुणी बोट वर केलं तर वाटी काढून खिशात घालायची, हे मी तिला पयल्या सुराच्या आधी शिकवलंय.