झाकण उघडं असताना

उद्या सकाळी दहा वाजता माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यावरची पट्टी निघणार आहे. तोवर मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसलेय. त्यांना डोळा एकच आहे, हे आधीच सांगून टाकते. डावा लहानपणापासून अधू. त्याने उजेड कळतो, माणूस कळत नाही. आजवर जे काही जग पाहिलं ते उजव्याने, आणि पट्टी उजव्यावर आहे.

सासरे चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. कामावर सगळे त्यांना 'पुन्हाएकदा' म्हणायचे. काम संपलं की बाकीचे हत्यारं गोळा करायला लागत आणि हे म्हणत, पुन्हा एकदा बघू. घरातही तोच खाक्या. गॅस बंद आहे का, तीनदा. कुलूप लावून दोन जिने उतरले की परत वर जाऊन ओढून बघणार, आणि आम्ही खाली पिशव्या धरून ताटकळत उभे. माझ्या नाकावर राग, त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी सासूबाईंना म्हणून गेले की बाबा फारच भित्रे आहेत. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, भित्रे आहेत म्हणून तर रोज धड घरी आले.

त्यांच्या भीतीचं मूळ एका वीतभर तारेत आहे. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला स्विच असतो. दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही. दुरुस्ती करताना मात्र कधी कधी दार उघडं ठेवूनच ती हलवावी लागते, मग त्या स्विचला बगल देणारी एक तार लावतात आणि काम झालं की काढतात. ती काढायची राहिली, तर दार उघडतं आणि केबिन असते भलत्याच मजल्यावर. बोलता बोलता कोणीतरी आत पाऊल टाकतं आणि आत काहीच नसतं. दुसऱ्या एका कारागिराच्या हातून असं झालेलं सासऱ्यांनी पाहिलं होतं. काय पाहिलं ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून ते आपल्या तारेला लाल फीत बांधत आणि फितीचं दुसरं टोक स्वतःच्या शर्टाच्या बटणाला. तार विसरून निघाले तर बटण तुटलं पाहिजे. लोक हसायचे. हे सासूबाईंकडून बटण शिवायला फक्त दोरा मागून घ्यायचे.

घरात लेसर कटर, म्हणजे किरणाने लाकूड कापणारं मशीन, आणला मी. मी लाकडी पेट्या बनवून विकते. आधी हाताने करवत चालवायचे, मग एक छोटं, घरी टेबलावर मावणारं मशीन घेतलं. बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेने नमुने ठेवायला साठ पेट्या मागितल्या होत्या. प्रत्येकीत चोवीस कप्पे, खिळा नाही, डिंक नाही, नुसते खाचेत खाच अडकवलेले सांधे. मी उत्साहात पहिली पेटी कापली आणि ती म्हाताऱ्याच्या दातांसारखी हलायला लागली. सासऱ्यांनी ती हातात घेतली, एका डोळ्याजवळ नेली आणि म्हणाले, मशीन चांगलं आहे, पण अजून त्याला कोणी शिस्त लावलेली नाही.

आणि मग त्यांनी ते ताब्यातच घेतलं. पहिल्या दिवशी शंभर मिलिमीटरची रेघ मारायला लावली. व्हर्नियरने मोजली तर नव्याण्णव पूर्णांक सहा. मशीनमधला पट्टा सैल होता, तो ताणला. दुसऱ्या दिवशी एक फळी तिरकी ठेवून तिच्यावर रेघ मारली, आणि रेघ जिथे सगळ्यात बारीक आली तिथून किरण एकवटणाऱ्या भिंगाची उंची ठरवली. तिसऱ्या दिवशी दहा पट्ट्या कापून शेजारी शेजारी सरकवल्या आणि उरलेली फट मोजली, कारण कापताना किरण स्वतःही थोडं लाकूड खातो आणि तो किती खातो हे कळल्याशिवाय सांधा घट्ट बसत नाही. मी धुमसत होते. प्रयोगशाळेचे निरोपावर निरोप येत होते आणि आमच्या घरी फटींची मोजमापं चालली होती.

चौथा दिवस म्हणजे परवा. त्या दिवशी आरसे. किरण मागच्या नळीतून निघतो, तीन आरशांवरून वळत भिंगापर्यंत येतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून आरशावर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, बटण दाबून क्षणभर किरण सोडायचा आणि पट्टीवर कुठे जळाल्याचा ठिपका पडला ते बघायचं. ठिपका मधोमध येईपर्यंत आरशाचे स्क्रू फिरवायचे. दर वेळी झाकण उघडा, पट्टी लावा, झाकण मिटा, बटण दाबा, झाकण उघडा. झाकणालाही स्विच आहे. झाकण उघडं असताना बटण कितीही दाबलं तरी किरण निघत नाही. हा स्विच सासरे रोज सकाळी आठ वाजता, खाली कागद ठेवून, तीनदा तपासत. परवाही तपासला होता. मी चहा पीत बघत होते.

साडेनऊला ते आंघोळीला गेले. मी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं, की झाकणाच्या स्विचजवळ एक लोहचुंबक चिकटवलं की स्विच फसतो. त्याला वाटतं झाकण मिटलेलंच आहे. मग झाकण उघडं ठेवून कामं भराभर उरकतात. मी फ्रीजवरचं लोहचुंबक काढलं आणि चिकटवलं. म्हटलं, चष्मा लावून पटकन दोन आरसे मीच करून टाकते, बाबा बाहेर येईपर्यंत काम तमाम. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. प्लायवुड आलं होतं, त्यातले तीन तक्ते वाकडे होते, त्यावरून मी त्या माणसाशी अर्धा तास हुज्जत घातली. परत आले तेव्हा सासरे ओल्या केसांनी मशीनपाशी उभे होते आणि लोहचुंबक माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

आम्ही सुरू केलं. ते आरशांपाशी, मी बटणापाशी. झाकण मिटलेलं असताना ते जाड प्लास्टिकचा चष्मा डोळ्यांवर ठेवत, आणि उघडलं की ठिपका बारकाईने बघायला कपाळावर सरकवत. उघड्या झाकणाखाली धोका नाही हे त्यांनी स्वतः तीनदा तपासलेलं होतं. चारपाच ठिपके झाले. माझा फोन वाजला. प्रयोगशाळेचाच निरोप, पेट्या कधी. मी तो वाचत होते आणि वाचता वाचता, झाकण मिटलंय की नाही हे न बघता, मी बटण दाबलं.

ते ओरडले नाहीत. सरळ उभे राहिले, तळहात डोळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "मशीन बंद कर." मी बंद केलं. माझी नजर झाकणाच्या कडेला गेली. लोहचुंबक तिथेच होतं. मी ते लोहचुंबक ओढून काढलं आणि खिशात टाकलं. ते मी आधी केलं. त्यांना खुर्चीत नंतर बसवलं. हा क्रम मला दोन दिवस झोपू देत नाहीये.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. आरशाच्या कडेवरून उडालेला किरण बुबुळाच्या वरच्या पडद्याला लागला होता. पूर्ण नेम बसला असता तर बोलायलाच नको होतं, म्हणाल्या. पण जखम मधोमध आहे. स्वच्छ भरली तर ठीक, व्रण राहिला तर जन्मभर दुधी काचेतून बघितल्यासारखं दिसेल. पट्टी काढल्यावरच कळेल. कसं झालं, हे त्यांनी विचारलं. सासऱ्यांनीच सांगितलं, झाकण उघडं असताना किरण निघाला, स्विच बिघडला असावा. मी किरणाची जात, नळीची ताकद सगळं अगदी व्यवस्थित सांगितलं. तेवढंच सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला स्विच तपासायला बसवलं. त्याने दहा वेळा झाकण उघडून बटण दाबलं. दहाही वेळा किरण निघाला नाही. तो बिचारा आनंदाने म्हणाला, "बाबा, स्विच एकदम चांगला आहे." आणि पट्टीखालचा सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"स्विच चांगला आहे, तर मग तार आहे, सैल झालेली, कधी टेकते, कधी नाही," ते म्हणाले. "मीच कुठेतरी तार लावून विसरलोय. शोध."

नवऱ्याने मशीनच्या चारही बाजू उघडल्या. मी त्याला टॉर्च धरून उभी होते, खिशात लोहचुंबक घेऊन. तार सापडली नाही. सासरे म्हणाले, नीट शोध. परत शोधलं. सापडली नाही. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण नवऱ्याच्या कपाळावरचा घाम बघितला आणि माझी पाचावर धारण बसली. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि आतच राहिले.

खरी भीती काल सकाळी सुरू झाली. सासूबाई त्यांना चहा पाजत होत्या आणि ते अचानक म्हणाले, कालची तार विसरलो, तर आधीच्या किती विसरलो असेन? सासूबाईंना काही कळेना. मला कळलं. ते पलंगावर बसून लिफ्ट मोजत होते. अकरा इमारती, बेचाळीस लिफ्ट. कुठल्या इमारतीत शेवटचं काम कधी केलं, कुठल्या मजल्यावर तार लावली, ती काढल्याचं आठवतं का. नवऱ्याने समजावलं, बाबा, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, काही असतं तर एव्हाना कळलं असतं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तार राहिली म्हणून लगेच काही होत नाही रे. दार उघडतं आणि केबिन तिथे नसते, त्या दिवशी होतं. तो दिवस उद्याचा असला तर?"

मग त्यांनी लंबूला फोन लावायला लावला. लंबू म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेला कारागीर, अजून त्याच कामावर आहे. तो हसला आधी. म्हणाला, तुम्ही विसरलात तर सूर्य पश्चिमेला उगवेल. पण यांचा आवाज ऐकून गप्प झाला आणि गेला. संध्याकाळपर्यंत त्याने दोन इमारती बघितल्या, काही नव्हतं. आमचा जीव भांड्यात पडला, यांचा नाही. त्यांनी एकामागून एक मजले बोलून दाखवायला सुरुवात केली. दवाखान्याच्या इमारतीत बायका लहान मुलं कडेवर घेऊन चढतात, हे त्यांनी चारदा सांगितलं. डोळ्याचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. कळ येत होती, हे फक्त ते उशी मुठीत धरत त्यावरून कळायचं.

आज दुपारी लंबूचा फोन आला, सहा इमारती झाल्या, सगळं ठीक आहे. सासरे म्हणाले, उरलेल्या पाच. आणि पाय खाली सोडून चपला चाचपायला लागले. म्हणाले, मी स्वतः जातो, हाताला स्विच कळतो, डोळा लागत नाही. सासूबाई दंडाला धरून रडायला लागल्या. ते त्यांना बाजूला सारत होते. या माणसाने घरात कोणाला कधी ढकललेलं मी पाहिलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांची मूठ उघडली आणि त्यात लोहचुंबक ठेवलं.

त्यांनी ते बोटांनी फिरवून पाहिलं. लोहचुंबकाने स्विच फसतो, हे लिफ्टवाल्याला सांगायला लागत नाही. "कुठे होतं?"

"स्विचला. मी लावलं होतं, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. बटणही मीच न बघता दाबलं."

"मी सकाळी तपासलं तेव्हा नव्हतं?"

"नव्हतं. तुम्ही तीनदा तपासलं होतं, मी बघितलं."

"तार कुठेच नव्हती."

"नव्हती, बाबा. तुम्ही काही विसरला नाहीत."

नवरा दारात उभा होता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती माझी मलाच भोगायची आहे, तिच्याबद्दल लिहीत नाही. सासूबाई पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकल्या. सासऱ्यांनी चपला काढल्या आणि पाय वर घेतले. लंबूला फोन करून सांग, म्हणाले, घरी जा म्हणावं, पोरं वाट बघत असतील. मी शिव्यांची वाट बघत होते. दोनचार मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी मीच विचारलं, बाबा, रागावलात का. दोन दिवस ज्या माणसाने बेचाळीस लिफ्ट अंगावर घेतल्या, तो आता स्वतःच्या मांडीवरचे हात चाचपत होता. माझा आवाज जिकडून आला तिकडे त्यांनी पट्टी बांधलेलं तोंड वळवलं.

"मला दिसेल का गं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.